ओढगळ आणि खोली : केळशीच्या उथळ समुद्राच्या संदर्भात

दापोली तालुक्यातील केळशी हे गाव भारजा नदीच्या मुखाशी वसलेले आहे. अभ्यासकांना ते परिचित आहे ते मुख्यतः खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या उंच टेकडीमुळे. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील संशोधकांनी त्या टेकडीच्या थरांचा अभ्यास करून तिच्या उत्पत्तीचा संबंध सोळाव्या शतकातील सुनामीशी जोडला, आणि तेव्हापासून केळशीचे नाव निघाले की चर्चा वाळूकडे वळते. येथे विचार करावयाचा आहे तो त्या टेकडीच्या पश्चिमेस पसरलेल्या पाण्याचा, आणि तोही एका मर्यादित प्रश्नापुरता. चालत्या होडीमागे ओढलेले आमिष हवे त्या खोलीवर कसे न्यावे, आणि त्यासाठी जी निरनिराळी साधने उपलब्ध आहेत त्यांपैकी कोणते या पाण्यास योग्य ठरते, हा तो प्रश्न होय.

होडी चालू ठेवून तिच्यामागे दोरीला बांधलेले आमिष ओढीत न्यावयाचे आणि वेगाने पोहणाऱ्या माशास ते पळते भक्ष्य आहे असे भासवून गळाला लावावयाचे, या पद्धतीस ट्रोलिंग म्हणतात. येथे तिच्यासाठी ‘ओढगळ’ हा शब्द योजिला आहे. शब्द योजण्याचे कारण केवळ भाषेची हौस नव्हे. ट्रोलिंग आणि ट्रॉलिंग ह्या दोन शब्दांत देवनागरीत एका मात्रेचा फरक असला तरी समुद्रावर त्यांच्यात फार मोठे अंतर आहे. ट्रॉलर तळावरून जाळे ओढीत नेतो व त्यात सापडेल ते सर्व वर आणतो. ओढगळास एका वेळी एक मासा लागतो आणि तोही बहुधा निवडलेल्या जातीचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पहिल्या शब्दाचा उच्चार दुसऱ्यासारखा ऐकू आला तर वाद उद्भवण्यास तेवढे पुरे आहे.

या किनाऱ्यावरील कोळी, खारवी, दालदी व अन्य मच्छीमार समाजांची मासेमारी मुख्यत्वे जाळ्यांची आहे, आणि सुरमईसुद्धा बहुतांशी तरंगत्या जाळ्यांतच सापडते. ओढगळ ही लक्षद्वीपसारख्या बेटांवर, जेथे किनाऱ्यालगतच खोल व निवळ पाणी आहे तेथे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत होय. तथापि कोकणातील लहान होडीच्या दृष्टीने तिचा विचार करण्यास सबळ कारण आहे. जाळ्यांचा संच घेण्यास व सांभाळण्यास जे भांडवल लागते त्याच्या अल्पांशात ओढगळ उभा राहतो. दोन माणसे तो चालवू शकतात. जाळ्यात तासन्‌तास अडकून पडलेल्या माशापेक्षा गळाचा मासा ताजा असतो. याच्या उलट बाजूस एकच मोठा खर्च आहे, तो म्हणजे इंधनाचा. ओढगळाची होडी सतत चालती असावी लागते. आमिष माशांच्या थरापर्यंत पोहोचत नसेल, तर दिवसभराचे इंधन केवळ दोरी ओढण्यात खर्ची पडते, आणि ती चूक दिवसाच्या शेवटी मासा न लागण्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही खुणेने कळत नाही. म्हणूनच खोलीचा प्रश्न हा हौशी गरवणाऱ्यापेक्षा पोटासाठी होडी लोटणाऱ्याला अधिक जिव्हाळ्याचा आहे.

प्रथम एका सार्वत्रिक समजुतीचा परामर्श घेणे अवश्य आहे. दोरी अधिक सोडली की आमिष अधिक खोल जाते, अशी ती समजूत. होडी उभी असताना ती बरोबर आहे. होडी चालू लागली की ती झपाट्याने खोटी ठरू लागते. पाण्यातून तिरकी ओढली जाणारी दोरी पाण्याचा दाब झेलते. त्या दाबाचा एक भाग दोरीला मागे रेटतो आणि दुसरा तिला वर उचलतो. दोरीच्या टोकाशी जे वजन असते ते खाली खेचीत असते. परंतु टोकापासून होडीकडे येताना प्रत्येक मीटरागणिक पाण्याचे उचलणे साठत जाते, दोरी अधिकाधिक आडवी होते आणि होडीजवळचा तिचा बराचसा भाग जवळजवळ पृष्ठभागालगत सरपटत असतो. तेथे आणखी दोरी सोडली तर ती या आडव्या भागातच भर घालते.

याचा हिशेब मांडता येतो. दोरीचे स्वतःचे पाण्यातील वजन नगण्य मानले, जे नायलॉनच्या तंगुसाच्या बाबतीत जवळपास खरे आहे, आणि दोरीच्या अंगावरून होणारे घर्षण सोडून दिले, तर खोली ही दोरीच्या लांबीच्या प्रमाणात वाढत नाही. लांबी पुरेशी झाल्यावर ती लांबीच्या लघुगणकाच्या प्रमाणात वाढते. एक मिलिमीटर जाडीचे तंगूस, त्याच्या टोकाशी एक किलो वजनाचा शिशाचा गोळा, आमिषाची ओढ सुमारे अर्धा किलो वजनाइतकी आणि वेग सेकंदास अडीच मीटर, म्हणजे पाच नॉटला किंचित कमी, असे धरू. या स्थितीत दहा मीटर दोरी सोडल्यास गोळा सुमारे चार मीटर खाली जातो. पंचवीस मीटर सोडल्यास साडेसहा मीटर, पन्नास मीटर सोडल्यास साडेआठ, आणि शंभर मीटर सोडल्यास पावणेअकराच्या आसपास. पहिल्या दहा मीटर दोरीने चार मीटर खोली दिली. शेवटच्या पन्नास मीटरांनी मिळून जेमतेम दोन मीटर दिली. घर्षण हिशेबात घेतल्याने या आकड्यांत एखाद्या मीटरचा फरक पडेल, पण त्यांचा कल बदलत नाही. शंभर मीटर दोरी मागे ओढणारी होडी वळताना काय त्रेधा उडते आणि तेवढ्या अंतरावर लागलेला मासा हाताने ओढून आणताना किती वेळा सुटतो, हे लक्षात घेतले म्हणजे हे दोन मीटर किती महाग पडतात याची कल्पना येईल.

मग खोली कशाने वाढते? वरील हिशेबात तीन राशी कळीच्या आहेत : खाली खेचणारे बल, दोरीची जाडी आणि वेग. गोळा एकाऐवजी दोन किलोंचा केला तर पन्नास मीटर दोरीवर साडेआठ मीटरांऐवजी तेरा मीटर खोली मिळते. परंतु गोळा एक किलोचाच ठेवून दोरीची जाडी निम्मी, म्हणजे अर्धा मिलिमीटर, केली तरीही जवळजवळ तेरा मीटरच मिळतात. ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. शिसे दुप्पट करण्यापेक्षा दोरी बारीक करणे कमी कष्टाचे आहे. त्याला आडवी येते ती दोरीची ताकद. अर्धा मिलिमीटरचे साधे तंगूस मोठ्या सुरमईच्या पहिल्या झेपेतच तुटण्याचा संभव असतो आणि हाताने ओढताना ते बोटे कापते. विणीच्या बारीक पॉलिएथिलीन दोऱ्यांनी ही अडचण अलीकडे बरीच कमी केली आहे, पण त्या महाग आहेत आणि उघड्या हाताला त्याही कापतातच. दोरी कोणतीही असली, तरी गळाजवळचा हात-दीड हात भाग पोलादी तारेचा ठेवावा लागतो; सुरमईचे दात तंगुसास दाद देत नाहीत.

वेगाचा परिणाम या सर्वांहून मोठा आहे, कारण पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वरच्याच एक किलोच्या गोळ्याने आणि पन्नास मीटरांच्या एक मिलिमीटर तंगुसाने, वेग निम्मा केल्यास, साडेआठ मीटरांऐवजी वीस मीटरांहून अधिक खोली गाठता येते. मग वेगच कमी का करू नये, असा प्रश्न साहजिकपणे उद्भवतो. त्याचे उत्तर माशाच्या स्वभावात आहे. सुरमई हा झडप घालणारा मासा आहे. तारली, मांदेली यांसारख्या लहान माशांच्या थव्यामागे तो वेगाने धावतो आणि भक्ष्य प्रामुख्याने डोळ्यांनी ओळखतो. सावकाश ओढलेले धातूचे पान किंवा लाकडी मासा त्याला निरखण्यास अवधी देतो, आणि निरखलेले खोटे आमिष तो बहुधा सोडून देतो. जिवंत किंवा ताजा मृत मासा आमिष म्हणून लावला असेल तर दोन-अडीच नॉट वेग चालतो. खोट्या आमिषास साधारणतः चार ते सहा नॉट लागतात. तेव्हा ज्या साधनाची खोली वेग वाढताच ढासळते ते साधन, खोट्या आमिषाच्या कामी, मुळातच लंगडे पडते. साधनांची निवड या एका मुद्द्यावर फिरते.

साधा शिशाचा गोळा हे पहिले साधन होय, आणि त्याचे गुणदोष वर आलेच आहेत. त्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल की तो कोणत्याही बंदराच्या गावी ओतून घेता येतो आणि हरवला तर हळहळ फार होत नाही. त्याचा आणखी एक दोष असा की मासा लागल्यानंतर तो वजनाला भर घालीत राहतो आणि झुंजणारा मासा डोके झटकू लागला म्हणजे गळ निसटण्यास मदत करतो.

दुसरा मार्ग म्हणजे दोरीलाच वजन देणे. विणलेल्या दोरीच्या पोटात शिशाची तार घातलेली दोरी अमेरिकेतील सरोवरांवर पुष्कळ वापरली जाते. अशी दोरी वर सांगितलेल्या लघुगणकी नियमास अपवाद आहे. तिचे वजन तिच्या संपूर्ण लांबीवर वाटलेले असल्यामुळे ती ठरावीक कोनात सरळ राहते आणि खोली लांबीच्या प्रमाणात वाढते. हा गुण मोठा खरा. परंतु तो कोन वेगाबरोबर झपाट्याने उतरतो. पोटात सुमारे सहा दशांश मिलिमीटर शिसे असलेली दोरी अडीच नॉटला आडव्या पातळीशी दहा-अकरा अंशांचा कोन करते आणि शंभर मीटरांत अठरा मीटर खाली जाते. तीच दोरी पाच नॉटला पाच अंशांवर येते आणि शंभर मीटरांत नऊ मीटरच देते. म्हणजे एक किलोच्या गोळ्याच्या तंगुसापेक्षाही ती उणीच. शिवाय ती गुंडाळण्यास मोठे चक्र लागते. केळशीच्या कामासाठी तिचा अधिक विचार करण्याचे कारण नाही.

तिसऱ्या साधनाचे तत्त्व मात्र वेगळे आहे. वजनाऐवजी पाण्याचा दाबच खाली खेचण्याच्या कामी जुंपावयाचा. पतंगाला वारा जसा वर उचलतो, तसा पाण्यात उलटा पतंग सोडला तर प्रवाह त्याला खाली दाबील, हे ते तत्त्व. पुढील टोक खाली झुकलेली एक लहानशी फळी दोरीला बांधली की होडीच्या वेगाने ती बुडी मारते. तिला येथे ‘बुडफळी’ म्हटले आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमारातील डेनिस्टन बर्नी यांनी पाणसुरुंगांचे दोर तोडण्यासाठी पॅराव्हेन नावाचे जे पंखधारी साधन सिद्ध केले तेही याच जातीचे. ट्रॉलरचे जाळे दोन बाजूंना फाकवून धरणाऱ्या फळ्याही याच तत्त्वावर चालतात; फरक इतकाच की त्या बाजूला खेचतात आणि बुडफळी खाली खेचते.

वीस सेंटिमीटर लांब व दहा सेंटिमीटर रुंद अशी, म्हणजे ताणलेल्या पंज्याहून फारशी मोठी नसलेली, फळी पाच नॉट वेगात सुमारे पाच-साडेपाच किलो शिशाइतक्या जोराने खाली खेचते. एक मिलिमीटरचे तंगूस पंचवीस मीटर सोडले तर ती पंधरा-सोळा मीटर खोल जाते, आणि पन्नास मीटर सोडले तर बावीस-चोवीस मीटर. तथापि तिचा खरा गुण या आकड्यांत नाही. फळीचे खेचणे वेगाच्या वर्गाने वाढते, आणि दोरीवरील पाण्याचा रोधही वेगाच्या वर्गानेच वाढतो. त्यामुळे दोहोंचे गुणोत्तर तेच राहते आणि खोली वेगावर अवलंबून राहत नाही. तांडेलाने चारऐवजी सहा नॉट वेग घेतला तरी आमिष त्याच थरात पळत राहते. हा गुण शिशाच्या कोणत्याही साधनात नाही. मासा लागला की झटक्यासरशी दोरी फळीवरील कडीतून सरकते, फळीचा कल जातो, ती सपाट होऊन वर येऊ लागते आणि खेच संपते. फळी अचानक वर आली म्हणजे मासा लागला, अशी ती आपोआप निशाणीही देते.

दोष अर्थात आहेत. सहा नॉटला दोरीवर सतत आठ किलोंच्या आसपास ताण येतो. तो हातात धरून बसणे शक्य नाही. दोरी होडीला बांधावी लागते, आणि झटका शोषून घेण्यासाठी मध्ये रबराच्या ट्यूबचा लांबट तुकडा घालावा लागतो. फळीचा तोल एका बाजूस जरा गेला की ती खाली जाण्याऐवजी आडवी धावते. म्हणून होडीच्या दोन्ही बाजूंना दोन फळ्या सोडताना त्यांचा तोल मुद्दाम थोडासा बाहेरच्या अंगास ठेवण्याची युक्ती करतात, जेणेकरून त्या एकमेकींत गुंतू नयेत. समुद्रावर वाहून आलेले गवत फळीच्या पुढल्या कडेवर अडकले तरी तिचे काम थांबते, आणि पावसाळ्यानंतर खाडीमुखाबाहेर अशा कचऱ्याला तोटा नसतो.

ओठ असलेला लाकडी किंवा प्लॅस्टिकचा मासा हा याच तत्त्वाचा सर्वांत लहान अवतार. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली बुचाच्या लाकडातून घडविलेल्या माशापासून या आमिषांची परंपरा जगभर पसरली. आमिषाच्या हनुवटीखालची पट्टी हीच त्याची बुडफळी. ती लहान असल्यामुळे जाड तंगुसावर तिची खोली थोड्याच मीटरांत संपते. मात्र तिच्या जोडीला काहीही लागत नाही, हा तिचा फायदा होय, आणि मासे वरच्या थरात असतील तेव्हा याहून अधिक साधनांची गरजही नसते.

राहिले चौथे साधन, ज्यास डाउनरिगर म्हणतात. १९६६ साली अमेरिकेतील मिशिगन सरोवरात पॅसिफिक किनाऱ्यावरील कोहो जातीचा सामन मासा सोडण्यात आला. पुढील काही वर्षांत तेथे गळाने मासे पकडणाऱ्यांची जी झुंबड उडाली तिने हे साधन लोकप्रिय केले. यात जड गोळा आमिषाच्या दोरीवर नसतो. तो स्वतंत्र पोलादी तारेवर होडीच्या काठावरील रहाटाने खाली सोडलेला असतो. आमिषाची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकविलेली असते. मासा लागताच दोरी चिमट्यातून सुटते आणि मासा व माणूस यांच्यामध्ये कोणतेही वजन उरत नाही. तार किती सुटली हे रहाटावरच्या मोजणीवरून कळते. सामनचे पाणी सावकाश, दोन-तीन नॉटने, फिरण्याचे असल्यामुळे तार जवळजवळ उभी राहते आणि मोजणी खोलीशी जुळते. कॅनडा व अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर धंदेवाईक सामन-होड्या याचीच मोठी आवृत्ती वापरतात. त्यांच्या तारेला अनेक आमिषे एकाखाली एक जोडलेली असतात आणि तळाशी चाळीस-पन्नास पौंडांचे गोळे असतात.

हेच साधन पाच नॉटने ओढले तर काय होते? साडेचार किलोंचा गोळा, नऊ दशांश मिलिमीटरची तार, पंचवीस मीटर सोडलेली. खोली सुमारे पंधरा मीटर. म्हणजे पंजाभर लाकडी फळी जेवढी खाली गेली जवळजवळ तेवढीच, आणि रहाट मात्र पंचवीस मीटर दाखवीत आहे. वरचा अंक आणि खालचे वास्तव यांत दहा मीटरांचे अंतर पडले. यात आमिषाच्या स्वतंत्र दोरीवरील रोध धरलेला नाही; तो धरल्यास खोली आणखी कमी होते. रहाट व गोळ्याचा भार पेलण्यास होडीचा काठ मजबूत असावा लागतो, आणि डोलणाऱ्या लहान होडीत साडेचार किलोंचे शिसे वर घेताना ते बोटांवर किंवा फळ्यांवर आदळते. खोल, निवळ आणि शांत पाण्यात, मंद वेगाने, नेमक्या मीटरावर आमिष ठेवावयाचे असेल तर डाउनरिगरला तोड नाही. पण हे सर्व गुण ज्या परिस्थितीत फळाला येतात ती परिस्थिती केळशीसमोर क्वचितच असते.

आता त्या परिस्थितीकडे वळावयास हवे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोरील समुद्रबूड जमीन खंभातच्या आखातासमोर तीनशे किलोमीटरांहून अधिक रुंद आहे आणि कोचीनसमोर ती साठांच्या आसपास उतरते. कोकणाची स्थिती या दोहोंच्या मधली. तिचा उतार अतिशय सौम्य असल्यामुळे केळशी–आंजर्ले–हर्णे या पट्ट्यासमोर दहा-बारा किलोमीटर आत गेले तरी पाणी सामान्यतः वीस मीटरांच्या, म्हणजे दहा-अकरा वावांच्या, आसपासच असते. लहान होडीचा दिवसाचा संचार याच पट्ट्यात होतो. तेव्हा येथे प्रश्न साठ मीटर खाली जाण्याचा नाही. पाच मीटरांवरून पंधरा मीटरांवर जाण्याचा आहे, आणि तेही तळास न आदळता. शिवाय उत्तरेस बाणकोटला सावित्री आणि येथे भारजा, यांच्या मुखांतून येणारा गाळ किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ ठेवतो. डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशासाठी टाकलेले आमिष गढूळ पाण्यात कितीही अचूक खोलीवर नेले तरी ते दिसणारच नाही. गढूळ आणि निवळ पाण्याची सीमारेषा पुष्कळदा होडीतून डोळ्यांनीच दिसते, आणि त्या रेषेच्या बाहेरच्या अंगास फिरणे हे साधनाच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे.

ऋतूचा विचार याहूनही निर्णायक आहे. पावसाळी बंदी उठून नारळी पौर्णिमा झाली की होड्या बाहेर पडतात. त्या वेळी पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रबूड जमिनीवर पाण्याचे दोन थर झालेले असतात : वर पावसाच्या व नद्यांच्या पाण्याने हलका झालेला, पुष्कळदा दहा मीटरांहूनही पातळ असा उबदार थर, आणि त्याखाली खोल समुद्रातून वर सरकलेले थंड पाणी, ज्यात प्राणवायू अत्यल्प असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने या प्राणवायूहीन थराकडे जगाचे लक्ष वेधले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याची तीव्रता सर्वाधिक असते. सुरमईसारख्या सतत पोहणाऱ्या व भरपूर प्राणवायू लागणाऱ्या माशाला अशा पाण्यात थारा नाही. म्हणजे जेथे हा थर पसरलेला असेल तेथे हंगामाच्या आरंभी आमिष पंधरा मीटरांवर नेणे हे केवळ अनावश्यक नव्हे, तर आमिषाला माशांपासून दूर नेणे आहे. त्या दिवसांत ओठाचा लाकडी मासा किंवा हलका गोळा यांनी काम भागते. उत्तरेचे वारे सुरू होऊन पाणी घुसळले गेले, खालच्या थरात पुन्हा प्राणवायू पोहोचला आणि किनाऱ्याबाहेरचे पाणी निवळू लागले, की हिवाळ्यात मासे खालच्या थरातही उतरू शकतात. बुडफळीची वेळ ती.

फळीच्या वापरास एक अडचण अशी आहे की जिचा उल्लेख परदेशी पुस्तकांत सापडावयाचा नाही. या समुद्रात जाळी फार आहेत. तरंगत्या जाळ्यांच्या रांगा आणि खाडीमुखाबाहेर डोलीचे खुंट व दोर यांमधून वाट काढावी लागते. मागे पन्नास मीटर दोरी आणि तिच्या टोकाशी खाली ओढणारी फळी घेऊन दुसऱ्याच्या जाळ्यावरून गेल्यास जाळे फाटते, आणि मग खोलीचा हिशेब बाजूला राहून भरपाईचा हिशेब सुरू होतो. आखूड दोरीवर अधिक खोली देणारे साधन या दृष्टीनेही श्रेयस्कर ठरते. पंचवीस मीटरांच्या दोरीवर पंधरा मीटर मिळत असतील, तर शंभर मीटर दोरी ओढणाऱ्या होडीपेक्षा ती होडी चौपट आखूड शेपटी घेऊन फिरते. होडीचा वेग मंदावला तर काय होते, हाही फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. शिशाचा गोळा थेट तळाकडे जातो आणि खडक असेल तर तेथेच राहतो. लाकडी फळी, तिच्या अंगाला तोलापुरतेच शिसे लावलेले असेल तर, जागच्या जागी तरंगते किंवा हळूहळू वर येते. वळणावर आतल्या बाजूच्या दोरीचा वेग कमी होतो, म्हणून गोळ्याची होडी उथळ पाण्यात वळताना नेहमी धोक्यात असते.

शेवटी खोली मोजण्याविषयी. होडीच्या काठावर दोरी पाण्यात शिरते तेथे तिचा कोन पाहून खोली काढण्याचा प्रघात आहे. दोरी सरळ असती तर ते योग्य ठरले असते. वरच्या पहिल्या उदाहरणात पन्नास मीटर दोरीचा पाण्याच्या पृष्ठभागाशी कोन साडेतीन अंशच असतो. त्यावरून काढलेली खोली तीन मीटर येते, आणि गोळा प्रत्यक्षात साडेआठ मीटरांवर असतो. दोरीचा बाक न कळल्यामुळे दोरीची लांबी पाहणारा खोली जास्त समजतो आणि कोन पाहणारा कमी समजतो. वेगाबाबतही असाच घोटाळा होतो. मोबाइलवरील उपग्रहयंत्रणा जो वेग दाखविते तो जमिनीच्या सापेक्ष असतो, आणि दोरीला कळतो तो पाण्याच्या सापेक्ष वेग. खाडीमुखाजवळ भरती-ओहोटीचा प्रवाह एक नॉट असेल आणि यंत्रावर पाच नॉट दिसत असतील, तर प्रवाहाविरुद्ध जाणारी दोरी सहा नॉटने आणि प्रवाहाबरोबर जाणारी चार नॉटने ओढली जात असते. एक किलोचा तोच गोळा पन्नास मीटर दोरीवर पहिल्या वेळी सात मीटरांवर आणि दुसऱ्या वेळी अकरा मीटरांवर असतो. जाताना मासा लागला आणि येताना त्याच जागी लागला नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. बुडफळीच्या बाबतीत मात्र हा फरक पडत नाही.

खात्रीचा उपाय जुनाच आहे. केळशीसमोरचा तळ ज्या पट्ट्यात वाळूचा व चिखलाचा आहे तेथे, गळ काढून ठेवून, ठरलेल्या वेगाने व ठरलेल्या लांबीच्या खुणा केलेल्या दोरीने किनाऱ्याच्या दिशेने सावकाश उथळाकडे यावे. गोळा किंवा फळी तळास घासू लागली की दोरीची थरथर हातास जाणवते. त्या ठिकाणची खोली बुडीद टाकून मोजावी आणि लांबीपुढे लिहून ठेवावी. भरतीची वेळही सोबत नोंदवावी, कारण या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत पाण्याची पातळी दोन-अडीच मीटरांनी सहज बदलते. अशा पाच-सहा नोंदींचा तक्ता होडीच्या फळीवर खडूने लिहिला, तरी तो त्या होडीपुरता, त्या दोरीपुरता आणि त्या फळीपुरता वरील सर्व हिशेबांपेक्षा अधिक विश्वसनीय असतो. दोरी बदलली की तो पुन्हा करावा लागतो.